तो झे, ती झे

रात्रपाळीत दोन वाजता फोन येतो,
प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, तरी ओला.
तिकडे तेव्हा साडेनऊ. सलोनी जेवून उठलेली असते,
म्हणजे पाव, चीज आणि काकडीचे काप.
गार जेवण जेवायला शिकेपर्यंत तिला
ऑक्टोबर उजाडला.

गावाचं नाव व्हीनं लिहितात आणि फ म्हणतात.
फिलाख. आमच्या बंदरावर सगळे विलाचच म्हणतात.
लिलाववाला गिरप विचारतो,
विलाचात बांगडो गावता काय रे?
मी म्हणतो, विचारून सांगतंय.

वेंगुर्ल्याच्या या बर्फ कारखान्यात मी एकवीस वर्षं.
मिठाच्या पाण्यातून कॅन वर काढायचा, उलटा करायचा,
लादी घसरत येते, क्रशरच्या तोंडी जाते
आणि मग जो आवाज होतो
त्यात माझा डावा कान कधीच गेला.
म्हणून फोन उजव्याला.

पहिल्याच आठवड्यात वर्गात विचारलं, तू कुठली?
ती म्हणाली, आमचं घर झेच्या काठी.
सगळ्यांनी माना हलवल्या. एकानं विचारलं,
थंडीत गोठतं का? हंस येतात?
तेव्हा कळलं, शब्द एकच,
तो झे म्हटलं की तळं,
ती झे म्हटलं की समुद्र.
हिच्या तोंडून 'तो' निघून गेला
आणि आमचा अख्खा दर्या,
दीपगृहाचा खडक, रापण, ट्रॉलर धरून,
त्या वर्गात एका तळ्यात मावला.
रडत सांगत होती. मी हसलो.
हसायला नको होतं.

कचऱ्याचे डबे चार. दह्याची रिकामी वाटी धुऊन टाकायची.
पहिल्या रविवारी सगळी दुकानं बंद बघून
तिला वाटलं, कोणी मोठं माणूस वारलं.
घरच्या गेरलिंडेबाई सकाळी म्हणतात ग्रूस गॉट,
देवाचा नमस्कार.
आपला रामराम तो, म्हटलं.
तसाच बाबा, पण हात जोडायचे नाहीत,
डोळ्यांत बघायचं. ते कठीण जातं.

आणखी एक तक्रार.
मुलगी त्यांच्यात 'ती' नसते. 'ते' असते.
घर, पुस्तक, मुलगी, सगळी एका रांगेत!
म्हटलं, गो, तुझी आत्ये तुला काय म्हणायची?
चेडू इलां. चेडू जेवलां. तां निजलां.
पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाली, अय्या.

डिसेंबरात तिनं व्हिडिओ पाठवला.
रस्त्यावरचा दिवा, त्याच्या उजेडात बर्फ पडतोय.
मी आवाज वाढवला.
आणखी वाढवला.
म्हटलं फोनमध्ये पाणी शिरलं,
नाहीतर उजवा कानही गेला.
नाही बाबा, पडताना आवाजच नसतो.

वजन नाही, पावती नाही, वीज गेली तरी पडतोच.
आकाशातून फुकट. आणि मुका.
एकवीस वर्षांनी कोणी असं सांगितलं
तर माणसानं काय करावं?
मी क्रशर चालू केला,
फोन त्याच्या तोंडासमोर धरला
चाळीस सेकंद,
आणि दिला पाठवून.

गेरलिंडेबाईंचं मांजर कपाटाखाली शिरलं म्हणे.
थोड्या वेळानं सलोनीचा निरोप:
परत पाठवा. जरा लांबडा.

तेवढ्यात ट्रॉलर लागला. गिरप दारात बोंबलत होता.
लाद्या फोडता फोडता पायाखालचं पाणी
नाळीतून, जेटीच्या बुडातून
काळोखात चाललेलं. मी बघत राहिलो.
ती झे, मोठ्यानं म्हणून पाहिलं.

काय म्हणालंस?
काय नाय.
किती लाद्या म्हणालंस तू?